मुका कॉम्प्युटर

मास्तरांना गाता येत नाही असं शेजारीपाजारी कुणाला सांगितलंत, तर ते तुम्हालाच वेड्यात काढतील. ज्या घरातून सकाळपासून गाणंच ऐकू येतं, ज्या माणसाने खोकल्याच्या औषधापासून कापसाच्या गादीपर्यंत सगळ्या जाहिरातींना चाली लावल्या, पोरांच्या नाटकांना संगीत दिलं, शाळेत गाण्याचे तास घेतले म्हणून अख्खी गल्ली ज्याला मास्तर म्हणते, त्याला गाता येत नाही? पण नाहीच येत, त्याला काय करणार! मास्तरांच्या गळ्यात एकच सूर आहे. तो मात्र पक्का. लहानपणी गाण्याच्या बाईंनी सगळे उपाय करून पाहिले, शेवटी हात टेकले आणि म्हणाल्या, "तू आपला मागे बस आणि नुसता 'आ' धर." मग थोरली बहीण पुढे उभी राहून गायची आणि हा मागे बसून आ धरायचा. कारखान्याचा भोंगा कसा एका सुरात वाजतो, तसा. तेव्हापासून ताईने त्याचं नाव भोंग्या ठेवलं. आता मास्तरांच्या डोक्यावरचे केस गेले, चष्मा जाड झाला, तरी ताईच्या तोंडून भोंग्या काही सुटलेलं नाही. तेही चारचौघांत.

गळा सगळा ताईच्या वाट्याला गेला. ताईने जन्मभर मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या वरच्या मजल्यावर येऊन राहिली. सकाळची कामं आटोपली, की चष्म्याची दोरी गळ्यात, पदर खोचलेला, अशी ती जिना उतरून खाली येते. मास्तरांच्या एकूण एक चालीत आवाज तिचा. खोकल्याच्या औषधाची ती ओळ गात पोरं शाळेत जातात, आणि ती गाणारी बाई भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या अंगावरून गेली तरी त्यांना पत्ता नसतो. एकदा तर भाजीवालीच्या रेडिओवर ताईचाच आवाज लागला होता आणि भाजीवाली म्हणाली, "जरा थांबा हो मावशी, ही बाई काय गोड गाते." ताई थांबली. मग त्याच भाजीवालीशी तिने कडकडून घासाघीस केली.

ह्या बहीणभावाची कामाची तऱ्हा जगावेगळी. बाकी सगळीकडे आधी वाद्यं वाजवून ठेवतात आणि गाणारा कानाला हेडफोन लावून त्यावर गातो. इथे उलटं. आधी ताई एकटी गाते. पेटी नाही, ठेका नाही, कानात काही नाही. मग तिच्या आवाजाखाली मास्तर कॉम्प्युटरवर पियानो, व्हायोलिन, ढोल असं एकेक वाद्य रचत जातात. हे बोलायला सोपं आहे. साथीशिवाय गायला लागलं की भल्याभल्यांचा सूर नकळत घसरतो, आणि गाणं संपेपर्यंत स्वारी भलतीकडेच पोचलेली असते. ताईचं तसं नाही. जिथून निघाली तिथेच परत. मास्तर मागाहून कोपऱ्यातल्या पेटीची पट्टी दाबून बघायचे आणि दर वेळी मान हलवायचे. "मला साथ लागत नाही," ताई सांगायची. ह्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

पण त्या अभिमानाच्या खाली एक भीती होती. ज्या बाईंनी दोघांना गाणं शिकवलं, त्या म्हातारपणी बेसूर झाल्या. समारंभात गायला बसायच्या आणि लोक तोंडावर हात धरून हसायचे. तोंडावर टाळ्या, पाठीमागे टिंगल. सांगितलं कुणीच नाही. एकदा असा प्रकार बघून घरी आल्यावर ताईने भोंग्याचा कान धरला. "माझा सूर सुटला ना, की त्याच दिवशी मला सांगायचं. मी उठेन, पुन्हा गायला बसणार नाही. पण खोटं बोललास तर तुझं तोंड बघणार नाही. दे वचन." भोंग्याने दिलं. ताईची सायकल चालवायला मिळेल एवढ्यासाठी त्या वयात तो काहीही द्यायला तयार होता.

आता त्यांच्या कॉम्प्युटरकडे वळू. तो टेबलाखाली होता. काळा, अवजड, गुडघ्याएवढा. ताई त्याला डबडं म्हणायची. डबडं इमानी होतं, पण तापायचं फार, आणि तापलं की आतला पंखा घरघरायचा. सुरुवातीला तर तो मनात येईल तसा कमीजास्त व्हायचा आणि ध्वनिमुद्रणाचा विचका करायचा. मास्तरांनी त्यावर तोड काढली. घरघर एकसारखी असली, तर कॉम्प्युटरला शिकवता येतं की बाबा, हा आवाज ओळख आणि गाण्यातून काढून टाक. चढउतार असला की ते जमत नाही. म्हणून त्यांनी पंख्याचा वेग वर करून पाहिला, खाली करून पाहिला, आणि ज्या जागी तो कानाला कमीत कमी टोचत होता तिथे कायमचं कुलूप ठोकलं. तेव्हापासून डबडं चालू केल्यापासून बंद करेपर्यंत एकाच पट्टीत घुमत राहायचं. ताई गायली की मास्तरांचं पहिलं काम ठरलेलं. एक बटण दाबायचं आणि घरघर पुसायची. पुसता पुसता म्हणायचे, "एकदा नवा आला ना ताई, की ही कटकट संपली बघ."

हे ते इतकी वर्षं म्हणत होते, की त्यांच्या बायकोने ऐकणंच सोडून दिलं होतं.

मग रेडिओवाल्या बाईंनी काम आणलं. लहान मुलांसाठी गोष्टींची मालिका. एक गोगलगाय समुद्र बघायला निघते, वाटेत तिला नाना प्राणी भेटतात आणि प्रत्येक भागात एक गाणं. मास्तर हरखूनच गेले. पहिल्याच गाण्याला ताईने अशी काही ओळ घेतली की त्यांच्या अंगावर काटा आला. आणि नेमका त्याच घटकेला टेबलावरचा पडदा गोठला. माऊस हलेना, काही हलेना. डबडं बंद करून चालू केलं तेव्हा ओळीचा मागमूस नव्हता.

"तो दमला आहे रे," ताई म्हणाली. "आम्ही दोघं एका वयाचे. मला तर वाटतं, ही गोगलगाय पोचवली की आम्हा दोघांनाही सुट्टी देऊन टाक."

"काहीतरीच काय बोलतेस!" मास्तर म्हणाले. पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं. ताईशिवाय त्यांच्या चालींना तोंडच नव्हतं.

मास्तरांची बायको दातांच्या दवाखान्यात कामाला. किडलेला दात किती दिवस ठेवायचा ह्याबद्दल तिची मतं ठाम आहेत. "अहो, आता नवा घ्या," ती म्हणाली. "आज जाऊन बघून या. उगाच दुखणं अंगावर काढू नका."

घ्यायचा तर खरा, पण कुठला? वेळ मोठी विचित्र होती. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे तो प्रोसेसर. तोच बदलत होता. जुन्या जातीचा संपत आला होता आणि नव्या जातीचा दुकानांत येऊन दाखल झाला होता. नवा म्हणे वाऱ्यासारखा पळतो आणि तापतसुद्धा नाही. पण त्याची भाषा वेगळी. मास्तरांकडची वर्षानुवर्षांची वाद्यं, म्हणजे कॉम्प्युटरमधला पियानो, व्हायोलिनांचा ताफा, ढोल, सगळी जुन्या भाषेतली. नव्याला ती कळावीत म्हणून मध्ये एक दुभाष्या ठेवलेला असतो, तो बऱ्याच जणांचं बोलणं पोचवतो, काहींचं नाही पोचवू शकत. आणि मास्तरांचा लाडका पियानो ज्या कंपनीने केला होता ती तर केव्हाच गाशा गुंडाळून बसली होती. त्याच्यासाठी नवं कोण लिहिणार?

सल्ला द्यायला मात्र माणसांची वाण नव्हती. त्यात पुढे होता मास्तरांचा दोस्त फेडर. हा दुसऱ्यांच्या स्टुडिओत आवाजांची जुळणी करतो. आवाज वरखाली करायची जी सरकपट्टी असते तिला फेडर म्हणतात, आणि ह्याचं बोट तिच्यावरून कधी निघत नाही म्हणून हे नाव. बोलताना समोरच्या टेबलावरही तो बोट वरखाली सरकवत असतो.

"मास्तर, ऐक माझं," फेडर बोट सरकवत म्हणाला. "जुन्या जातीचा शेवटचा माल निघालाय. घेऊन टाक. तुझी सगळी वाद्यं जशीच्या तशी चालतील. डोक्याला ताप नाही."

"आणि पंखा?"

"पंखा असणारच. ह्याच्याहून मोठा."

"आणि नवा घेतला तर?"

"नव्यात दोन. एक मोठा, पंख्याचा, पण तो क्वचितच फिरतो. दुसरा छोटा, त्याला पंखाच नाही. गारच राहतो बेटा. पण तुझा पियानो त्यावर चालायचा नाही, आधीच सांगतो. मागाहून माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

मास्तरांना रात्रंदिवस तेच सुचू लागलं. जेवताना ताटात पळी कुठे आणि वाटी कुठे ते कळेना. जुना घेतला तर वाद्यं वाचतात, पण घरघर राहते. नवा घेतला तर पियानो जातो. बायकोला ते अर्ध्या घासात विचारायचे, "माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" आणि ती म्हणायची, "मी असते तर आधी जेवले असते."

शेवटी ते ताईला घेऊनच दुकानात गेले. काचेची पुढली बाजू, आत पांढरा उजेड, लांबलचक टेबलांवर कॉम्प्युटर ओळीने मांडलेले. विक्रेती चुणचुणीत मुलगी होती. मास्तरांनी तिला पंख्याबद्दल विचारलं तशी तिने त्यांना त्या छोट्यापाशी नेलं. मास्तर वाकले आणि त्यांनी त्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. बाजूचं गिऱ्हाईक बघायला लागलं.

"अहो, हा बंद आहे," मास्तर म्हणाले.

"चालू आहे, काका."

"मग चालवा ना जरा. जड काहीतरी करायला द्या त्याला."

मुलीने त्याच्यावर एकदम इतकी कामं टाकली की डबडं असतं तर केकाटलं असतं. मास्तरांनी पुन्हा कान लावला. काही नाही! त्यांनी वर हात ठेवला. गार! त्यांचा चेहरा असा काही उजळला, की ताईला हसू आवरेना.

"ताई, अगं हा मुका आहे!" ते म्हणाले. "ह्याच्यासमोर तू गायलीस तर नुसती तू ऐकू येशील. बाकी काही नाही."

"अरे, पण तुझा पियानो?"

"पियानो गेला चुलीत! पियानो दुसरा मिळेल. तुझा आवाज मी इतकी वर्षं धुऊन धुऊन वापरतोय. घरघर पुसताना दर वेळी त्याचा थोडा पापुद्रा निघतो, तुला नाही कळत, मला कळतं."

ताईला बरं वाटलं. भाऊ आपल्यासाठी पियानो सोडतो म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. बाहेर पडताना तिने खोका आपल्याकडे मागितला. "पडशील घेऊन, भोंग्या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरात उत्सव असल्यासारखी धांदल. मास्तरांनी नवा टेबलावर मांडला, डबड्याची तार काढली, खिडकी लावली, पडदा ओढला. बायकोने कामावर जायला उशीर केला. ताई नेहमीच्या खुर्चीत बसली, पाणी प्यायली, डोळे मिटले. खोलीत इतकी शांतता, की तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तिने त्या काढून ठेवल्या आणि गायला सुरुवात केली.

पहिली ओळ सुरेख. दुसरी बरी. तिसऱ्या ओळीला मास्तरांनी डोळे उघडले. चौथीला त्यांनी खाली बघितलं. गाणं संपलं तेव्हा त्यांनी सवयीने पेटीची पट्टी दाबली, आणि लगेच बोट काढून घेतलं. ताई सुरापासून चांगलीच खाली आली होती.

"पुन्हा घेऊ," ताई म्हणाली. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर वर गेली.

"आज जागरण झालंय तुझं," मास्तर म्हणाले.

"काही झालेलं नाही." ताईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भावाकडे सरळ बघितलं. "सांग."

"अगं, खोली नवीन वाटतेय, सवय—"

"भोंग्या, वचन दिलंयस."

खोटं बोलावं असं मास्तरांना त्या क्षणी फार वाटलं. पण समोर ताई होती. "सुटला, ताई," ते म्हणाले.

ताईने मान हलवली. बांगड्या घातल्या, एकेक करून. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली आणि जिना चढून वर गेली. रडली नाही, चिडली नाही. तसं केलं असतं तर मास्तरांना परवडलं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. ताई खाली यायची, भावजयीला मदत करायची, गप्पा मारायची, पण त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. रेडिओवाल्या बाईंना तिने स्वतःच फोन करून सांगितलं की दुसरी गायिका बघा. मास्तरांनी परस्पर पुन्हा फोन करून सांगितलं की जरा थांबा, बघू नका. फेडर येऊन सगळं ऐकून म्हणाला, "एवढंच ना! तिच्या कानात मशीनचा एक सूर सोड. दोन मिनिटांचं काम." मास्तर हेडफोन घेऊन वर गेले. ताईने हेडफोन लावला आणि लगेच काढला. "कानात डास सोडल्यासारखं वाटतंय. नको रे. माझी वेळ झाली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. तुला का वाटते?"

मास्तर खाली येऊन त्या नव्या कॉम्प्युटरसमोर बसले. किती शांत, किती गार! त्यांना तो उचलून खिडकीबाहेर टाकावासा वाटला.

आणि मग ती दुपार आली. मास्तरांनी ठरवलं होतं की पियानो नव्यावर चालत नाही तर निदान जुन्या गाण्यांतला पियानो डबड्यावर वाजवून, त्याचा नुसता आवाज उचलून इकडे आणावा. म्हणून त्यांनी डबड्याला पुन्हा तार जोडली. डबडं खोकलं, हललं आणि घुमायला लागलं. दार उघडंच होतं. पलीकडे स्वयंपाकघरात ताई आणि बायको मटार सोलत बसल्या होत्या, आणि मटार सोलताना ताई नेहमी गुणगुणते. आपण गुणगुणतोय हे तिला कळतही नाही.

मास्तर काम करता करता थांबले. कान टवकारले. हळूच पेटीची पट्टी दाबून बघितली. ताई सुरात होती! थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा बघितली. अगदी बरोबर! गळा शाबूत आहे, कान शाबूत आहे, मग त्या दिवशी झालं काय? त्यांना वाटलं, जाऊन सांगावं. पण उठण्याआधी सवयीने त्यांनी डबडं बंद केलं.

डबड्याचा पंखा एकदम थांबत नाही. हळूहळू मंदावतो, त्याचा आवाज खाली खाली येतो आणि मग विरतो. आणि काय सांगू! पंखा जसजसा खाली आला, तसतसा स्वयंपाकघरातला आवाजही खाली आला. पंखा विरला आणि ताईचा सूर दोनतीनदा चाचपडून भलतीकडे निघून गेला.

मग मास्तरांनी डबडं चालू केलं. पंखा चढला. ताई चढली. पंखा आपल्या जागी आला आणि ताई त्याच्या मांडीला मांडी लावून बसली.

त्यांनी पुन्हा बंद केलं. पुन्हा चालू केलं.

"अहो, काय उघडझाप चालवली आहे?" बायको ओरडली.

"तू गप्प बस! ताई, तू गप्प बसू नकोस! गात राहा!"

"कोण गातंय?" ताई म्हणाली.

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते, त्यामुळे शब्द काही सरळ येईनात. कसंबसं त्यांनी सांगितलं. तरी ताईला पटेना. मग तिला उभी करून गायला लावलं, बायकोला टेबलाखाली डबड्याच्या बटणापाशी बसवलं, आणि प्रयोग पुन्हा करून दाखवला. तिसऱ्या वेळी ताई मध्येच थांबली.

"म्हणजे इतकी वर्षं," ती हळू म्हणाली, "ह्या डबड्याने मला साथ केली?"

मास्तरांना एकदम भीती वाटली. तिचा तो अभिमान, "मला साथ लागत नाही" हे तिचं बोलणं, सगळं आपण एका बटणासरशी मोडलं की काय?

ताईने पुढ्यातला एक मटार उचलला आणि भावाच्या कपाळावर नेम धरून मारला. "आणि मी मेली जगभर मिरवत होते!" म्हणाली, आणि हसायला लागली. चष्मा गळून दोरीला लोंबायला लागला, तरी हसणं थांबेना. टेबलाखालून बायको बाहेर आली, तीही हसायला लागली. मास्तर तर खालीच बसले.

"पण ताई," बायको डोळे पुसत म्हणाली, "एवढासा तो पंखा, तोही पलीकडच्या खोलीतला, त्याचा सूर धरून बसायला कान किती तयार लागतो? मला तर तो नुसता खरखरताना ऐकू यायचा."

"आणि वचनाचं काय?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"वचन सूर सुटल्याचं होतं," ताई म्हणाली. "पंखा सुटल्याचं नव्हतं. उठ, पडदा ओढ. त्या गोगलगाईला किती दिवस रस्त्यात उभी करून ठेवणार?"

मास्तरांना इतका आनंद झाला होता की त्यांनी पडदा ओढायच्या ऐवजी उघडला.

तेव्हापासून खोलीची मांडणी नवी झाली. वर टेबलावर मुका, तो ध्वनिमुद्रण करायचा. खाली डबडं, त्याला घुमण्यापलीकडे काही काम नव्हतं. बायको म्हणाली, "नव्याला नोकरी आणि जुन्याला बसून पगार, असं पहिल्यांदाच बघतेय." फेडर आला, टेबलाखाली वाकून बघून म्हणाला, "मुद्दाम बिनपंख्याचा घेतला आणि पंख्यासाठी जुना ठेवला. मास्तर, तुझे पाय कुठे आहेत ते दाखव." मास्तरांनी खुशाल पाय पुढे केले. गोगलगाय पुन्हा चालायला लागली होती. तिला बेडूक भेटला, घुबड भेटलं, एक आळशी कासव भेटलं, आणि प्रत्येक गाण्याला ताई जिथून निघाली तिथेच परत येत होती.

शेवटचं गाणं समुद्राचं. गोगलगाय पोचते आणि पहिल्यांदा लाटा बघते. चाल मास्तरांनी जीव ओतून केली होती. ताई खुर्चीत बसली, बांगड्या काढल्या, डोळे मिटले. मास्तर समोर, श्वास रोखून. पहिलं कडवं झालं. दुसरं उचललं, आणि टेबलाखालून खर्रर्र असा आवाज आला. डबड्याने एक आचका दिला आणि पंखा थांबला. ह्या वेळी हळूहळू नाही. एकदम.

ताईचे डोळे उघडले. ती गात होती, पण मास्तरांना तिच्या डोळ्यांत दिसलं की पायाखालची पायरी गेलीय. आता घसरणार. एवढं सुंदर गाणं, आता घसरणार! मास्तरांनी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. त्यांनी तोंड उघडलं आणि 'आ' धरला.

ज्याच्या गळ्यात एकच सूर, तो दुसरं काय धरणार? पण तो सूर नेमका पंख्याचाच होता. तसूभर वर नाही, खाली नाही. ताईने भावाकडे बघितलं, तिचा चेहरा निवळला आणि तिने पुढची ओळ अशी घेतली, की स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला. गाणं शेवटापर्यंत गेलं. समुद्र आला, लाटा आल्या, ताई आपल्या जागी परत आली, आणि मास्तर दम संपेस्तोवर आ धरून बसले होते.

मास्तर घाम पुसत होते.

"भोंग्या," ताई म्हणाली, "त्या पंख्याचा वेग कुणी ठरवला होता?"

"मीच. वरखाली करून बघितला होता. जिथे टोचत नव्हता तिथे ठेवला."

"तुला टोचत नव्हता. का टोचेल? तुझाच सूर होता तो." ताईचा आवाज जरा कापला. "मी म्हणतेय, डबडं साथ करत होतं. डबडं कुठलं! तूच मागे बसून आ धरला होतास. बाईंनी सांगितल्यापासून सोडलाच नाहीस."

हे इतक्या वर्षांत मास्तरांच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. बोलायचं टाळायला म्हणून ते टेबलाकडे वळले, आणि सवयीने त्यांचा हात त्या बटणाकडे गेला. ताई गायली की पहिलं काम, मागची घरघर पुसायची.

ताईने फाडकन हातावर चापट मारली.

"खबरदार," ती म्हणाली. "तो आवाज आता काढायचा नाही."